नांगरटीखाली गेलेला ओढा आणि उंचीचा नकाशा

(वाचकांचे प्रश्न या सदरात या वेळी एकाच विषयाभोवतीची पत्रे एकत्र घेतली आहेत. जमिनीच्या उंचीच्या मोजमापांवरून पाणथळ पट्टे आणि बुजलेले ओढे कसे शोधावेत, असा हा विषय आहे. पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.)

प्रश्न : औसा तालुक्यात आमची सहा एकर काळी जमीन आहे. शेतातून तिरपा जाणारा एक पट्टा असा आहे की तिथे भाद्रपदातल्या पावसात सोयाबीन पिवळे पडते आणि रब्बीच्या पेरणीला वाफसाही सर्वांत उशिरा येतो. जुनी माणसे सांगतात की तिथे पूर्वी ओघळ होती आणि ती सपाटीकरणात बुजली. गाव नकाशावर तिची खूण नाही. उपग्रहाने मोजलेल्या उंचीवरून अशी ओघळ शोधता येते, असे पुतण्या म्हणतो. हे खरे आहे काय आणि त्यावर किती भरवसा ठेवावा?
(एक वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : पुतण्याचे म्हणणे खरे आहे. मात्र त्या नकाशाकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय ठेवायची नाही, हे आधी स्पष्ट करून घेतले पाहिजे.

उंचीच्या डेटात जमीन लहान लहान चौकोनांत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकोनाला समुद्रसपाटीपासूनची एक उंची दिलेली असते. संगणक प्रत्येक चौकोनाची त्याच्या आठ शेजाऱ्यांशी तुलना करतो आणि ज्या बाजूला उतार सर्वांत जास्त, त्या बाजूला पाणी जाईल असे धरतो. ही वाट एकदा ठरली की कोणत्या चौकोनात वरच्या किती चौकोनांचे पाणी येऊन मिळते, हे मोजता येते. वरचे क्षेत्र एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तिथून खाली ओढा सुरू झाला असे मानून रेषा काढली जाते. या सगळ्यात कुठेही प्रत्यक्ष पाणी पाहिलेले नसते, केवळ जमिनीचा आकार पाहिलेला असतो.

बुजलेली ओघळ सापडते ती नेमकी याच कारणाने. ट्रॅक्टरच्या पात्याने किंवा जेसीबीने ओघळीचे काठ ढकलून तिचे तोंड बंद करता येते, पण तिच्या दोन्ही अंगांनी शे-दोनशे मीटरपर्यंत उतरत आलेली लवण, म्हणजे जमिनीचा खोलगट भाग, काही सपाट होत नाही. पाणी त्या लवणाच्या आकाराने येते, ओघळीच्या चरामुळे नव्हे. चर बुजवला की तेच पाणी वाहून जाण्याऐवजी मातीत मुरून तिथेच थांबते. तुमचे सोयाबीन पिवळे पडण्याचे कारण बहुधा हेच असावे : मुळांना हवा मिळत नाही आणि त्यांच्या गाठींतील जिवाणूंचे नत्र बांधण्याचे काम मंदावते.

ओलाव्याचा अंदाज बांधण्यासाठी वापरला जाणारा सर्वांत प्रसिद्ध निर्देशांक १९७९मध्ये ब्रिटनमधील बेव्हन आणि कर्कबी या दोन जलशास्त्रज्ञांनी मांडला. त्याचा अर्थ साधा आहे : एखाद्या जागी वरून जितके जास्त क्षेत्र पाणी आणून घालते आणि तिथला उतार जितका कमी, तितकी ती जागा ओली राहण्याची शक्यता जास्त. गणितात वरचे क्षेत्र चौकोनाच्या रुंदीने भागतात, आलेल्या संख्येला उताराने भागतात आणि त्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतात. समजा, ३० मीटरच्या एका चौकोनात वरच्या चार हेक्टरांचे, म्हणजे सुमारे दहा एकरांचे पाणी येते आणि तिथला उतार एक टक्का आहे, तर निर्देशांक ११.८ येतो. माळाच्या माथ्यावरील चौकोनात फक्त त्याचे स्वतःचेच पाणी असेल आणि उतार पाच टक्के असेल, तर तो ६.४ येतो. हे आकडे स्वतंत्रपणे काहीच सांगत नाहीत. त्यांचा उपयोग एकाच पाणलोटातील दोन जागांची तुलना करण्यापुरता असतो. ‘दहाच्या वर म्हणजे पाणथळ’ असा नियम कोणी सांगितला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी पद्धत कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठात विकसित झाली. ओल्या जागी जड यंत्रे रुतू नयेत आणि माती दबू नये, यासाठी जंगलतोडीच्या नियोजनात ती वापरली जाते. अल्बर्टा प्रांतानेही विमानातून लेसरने केलेल्या मोजणीच्या, म्हणजे लायडारच्या, आधारे असे नकाशे तयार करून घेतले. या पद्धतीत आधी ओढ्याच्या रेषा काढतात, त्यासाठी बहुधा चार हेक्टरांची मर्यादा धरतात आणि मग प्रत्येक जागा जवळच्या ओढ्याच्या पातळीपेक्षा उताराच्या वाटेने किती वर आहे हे मोजतात. ज्या जागा ओढ्याच्या पातळीपेक्षा एक मीटरच्या आतच वर असतात, त्या ओल्या राहण्याची शक्यता मोठी. सपाट प्रदेशात ही पद्धत पहिल्या निर्देशांकापेक्षा अधिक समजूतदार नकाशा देते असा अनुभव आहे, कारण ती एकेका चौकोनाच्या उताराच्या चुकीने बिथरत नाही. स्वीडनमध्ये अशा अनेक निर्देशांकांना यंत्रशिक्षणाची, म्हणजे संगणकाने नमुन्यांवरून स्वतः शिकण्याच्या पद्धतीची, जोड देऊन संपूर्ण देशाचा मृदा-ओलाव्याचा नकाशा दोन मीटरच्या चौकोनांत केला आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. कॅनडा आणि स्वीडनच्या नकाशांमागे एक-दोन मीटरचा लायडार आहे. आपल्याला मोफत मिळतो तो डेटा मुख्यतः ३० मीटरचा : फेब्रुवारी २०००मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर अंतराळयानाने रडारने मोजलेला एसआरटीएम, २०११ ते २०१५ या काळातील जर्मन उपग्रहांच्या मोजणीवर आधारलेला युरोपचा कोपर्निकस आणि २००५मध्ये सोडलेल्या आपल्या कार्टोसॅट-१ने टिपलेल्या जोडछायाचित्रांवरून इस्रोने तयार केलेला, ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळणारा डेटा. तीस मीटरचा एक चौकोन ९०० चौरस मीटरचा असतो. म्हणजे तुमचे सहा एकर अवघ्या सत्तावीस चौकोनांत बसतात. तीन मीटर रुंदीची ओघळ त्यात दिसणे अशक्य आहे. दिसेल ती लवण. म्हणून हा नकाशा बांधापुरता वाचू नये. निदान पाणलोटाच्या माथ्यापासून खालच्या मोठ्या ओढ्यापर्यंतचा सगळा भाग घ्यावा आणि तुमचा पट्टा त्या वाटेवर येतो का, एवढेच पाहावे. रेषा तुमच्या पट्ट्यापासून एक-दोन चौकोन बाजूला गेली, तर ती जुळली असे समजायला हरकत नाही. ती पलीकडच्या लवणात गेली, तर जुळली नाही.

एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारीत झाली, हे मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण तेव्हा शेतात रब्बी ज्वारी आणि ऊस उभा असतो. रडारची लहर पिकात थोडी शिरते, पण तळापर्यंत पोहोचतेच असे नाही. त्यामुळे मांजराकाठच्या उसाचे फड नकाशात किंचित उंचवट्यासारखे येऊ शकतात आणि पाण्याची वाट त्यांना वळसा घालून जाताना दिसते. अशी संशयास्पद वळणे दिसली, तर एकाऐवजी दोन निरनिराळ्या डेटांवरून नकाशा करावा. दोन्हींत येणारी वाट खरी असण्याचा संभव जास्त असतो.

चार हेक्टरांची मर्यादा जशीच्या तशी आपल्याकडे आणू नये. ती ओलसर, थंड प्रदेशातील आहे. आपल्या ओघळी वर्षाचे बहुतेक दिवस कोरड्या असतात आणि काळ्या मातीचे वागणेही वेगळे आहे : मृगाचा पाऊस उन्हाळ्यातल्या भेगांत उतरून जातो, माती फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग एकदम घटतो आणि त्यानंतर पडणारे पाणी वाहू लागते. म्हणून जूनमध्ये कोरडा असलेला पट्टा सप्टेंबरमध्ये पाणथळ होतो. माझ्या मते मर्यादा ठरवण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग गावातच आहे. गावातील ज्या ओघळी अजून शाबूत आहेत त्यांची सुरुवात प्रत्यक्ष कुठे होते ते पाहावे, त्या जागांच्या वरचे क्षेत्र नकाशावर मोजावे आणि त्यावरून आपल्या शिवारापुरती मर्यादा धरावी. माळरानाच्या बरड जमिनीत आणि खोल काळ्या जमिनीत ती सारखी येणार नाही.

पडताळणीसाठी दोन गोष्टी कराव्यात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटरची चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात आणि ती मोफत आहेत. श्रावण-भाद्रपदात ढगांमुळे फारसे हाती लागत नाही, पण ऑक्टोबरमधील पहिली निरभ्र चित्रे तीन-चार वर्षांची एकत्र पाहिली, तर दरवर्षी त्याच जागी राहणारा ओला पट्टा ओळखता येतो. एखाद्याच वर्षी दिसलेला डाग पाऊस, खत, कीड अशा कशाचाही असू शकतो. दुसरी गोष्ट कुदळ-फावड्याची आहे. पट्ट्याच्या मधोमध आणि बाजूला असे दोन खड्डे तीन-चार फूट खोल घ्यावेत. मधल्या खड्ड्यात काळ्या मातीखाली वाळू, गोटे किंवा वाहून आलेला मुरूम लागला आणि बाजूच्या खड्ड्यात लागला नाही, तर जुन्या ओघळीचे पात्र सापडले असे समजावे. हा पुरावा कोणत्याही उपग्रहापेक्षा मोठा आहे.

पट्टा निश्चित झाल्यावर तो आणखी भर टाकून उचलण्याचा मोह टाळावा. त्याने पाणी फक्त शेजाऱ्याच्या बांधाकडे सरकते. जुन्या वाटेनेच उथळ, गवत धरलेला चर ठेवून पाण्याला खालच्या नाल्यापर्यंत रस्ता द्यावा आणि सोयाबीन रुंद वरंबा-सरी पद्धतीने घ्यावे, म्हणजे निदान मुळांचा थर उंचावर राहतो.

प्रश्न : गंगाखेड भागाचा उंचीचा डेटा उतरवून घेऊन मी क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओढ्यांच्या रेषा काढल्या. गोदावरीकाठच्या सपाटीवर सगळ्या रेषा सरळ आणि एकमेकींना समांतर आल्या. शिवाय एक ओढा रस्त्यापाशी थांबला आणि त्याच्या वरच्या बाजूला मोठे तळे तयार झाले, जे प्रत्यक्षात नाही. माझे काय चुकले?
(भूगोलाची विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : तुमच्या कृतीपेक्षा डेटाचा दोष जास्त आहे, तरी काही गोष्टी तपासाव्या लागतील.

तिफणीच्या ओळींसारख्या समांतर रेषा दिसल्या की त्या भागात संगणकाला उतारच सापडलेला नाही, असे समजावे. एसआरटीएममधील उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेली असते. गोदावरीच्या पुराच्या मैदानात उतार एक हजाराला दोन इतका असेल, तर तीस मीटरच्या दोन शेजारी चौकोनांत फक्त सहा सेंटिमीटरचा फरक पडतो आणि पूर्ण मीटरच्या आकड्यांत तो नाहीसा होतो. मग कितीतरी चौकोन सारख्याच उंचीचे होतात आणि पाणी कुठे न्यायचे हे सॉफ्टवेअर आपल्या नियमाने ठरवते. तो नियम म्हणजे सरळ रेषा. कोपर्निकसच्या डेटात मीटरचे अपूर्णांक असतात, म्हणून सपाट प्रदेशासाठी तो घ्यावा. तरीही मोजणीतील चूक सहा सेंटिमीटरपेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळे नदीकाठच्या पट्ट्यात अशा नकाशावर ओघळींचे तपशील वाचूच नयेत. तिथे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरील ओढे प्रमाण मानून त्या रेषा डेटात कोराव्यात, म्हणजे पाणी त्या वाटेने जाईल.

रस्त्यामागील तळे हा सर्वत्र आढळणारा दोष आहे. उपग्रहाला रस्त्याचा भराव दिसतो, पण भरावाखालची मोरी किंवा नळकांडी पूल दिसत नाही. म्हणून संगणकाच्या दृष्टीने तो भराव म्हणजे धरणाची भिंत ठरतो. बहुतेक विद्यार्थी अशा वेळी ‘खड्डे भरण्याची’ आज्ञा देतात. त्याने तळे कागदावर भरते, पाणी रस्त्यावरून उलटते आणि तुम्हाला दिसला तसा खोटा सपाट प्रदेश तयार होतो. त्यापेक्षा भराव फोडणारी आज्ञा वापरावी. व्हाइटबॉक्स या मोफत साधनांच्या संचात ती आहे आणि ती कमीत कमी खोदकाम करून पाण्याला पलीकडे काढते. ग्रास या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधील ‘आर.वॉटरशेड’ हे साधन तर खड्डे न भरताच काम करते. एवढे झाल्यावर मोऱ्यांच्या जागा प्रत्यक्ष पाहून नोंदवाव्यात. जायकवाडीच्या डाव्या कालव्यासारखा मोठा कालवा मध्ये असेल, तर अधिक सांभाळावे : काही ओढे कालव्याखालून जातात आणि त्या वाटा उंचीच्या डेटात नसतात.

पाझर तलाव आणि माती नाला बांध यांचे मात्र उलट आहे. तिथे पाणी खरोखरच थांबते. ते फोडून टाकले, तर नकाशातून खरेच पाणथळ असलेल्या जागा नाहीशा होतील. कोणता भराव फोडायचा आणि कोणता ठेवायचा, हे ठरवण्यासाठी शिवारात जाण्याला पर्याय नाही.

आणखी एक तपासा. डेटा अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मिळतो आणि उंची मीटरमध्ये असते. तो तसाच वापरला, तर उतार पूर्णपणे चुकीचा येतो आणि निर्देशांकही निरर्थक होतो. आधी त्याचे मीटरच्या प्रक्षेपणात रूपांतर करावे. यूटीएम या प्रक्षेपणात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे केलेले असतात; मराठवाड्याचा जवळजवळ सगळा भाग त्याच्या ४३व्या पट्ट्यात येतो, फक्त किनवटच्या बाजूचा पूर्वेकडील तुकडा ७८ अंश रेखावृत्ताच्या पलीकडे, म्हणजे ४४व्या पट्ट्यात जातो.

प्रश्न : आमचे शेत पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर आहे. पाणाड्याने नारळ हातात घेऊन दोन जागा दाखवल्या, दोन्ही बोअर कोरडे गेले. उंचीच्या नकाशावरून बोअरची जागा ठरवून मिळेल काय?
(एक शेतकरी, पाटोदा, जि. बीड)

उत्तर : नाही. नारळाने जे सांगता आले नाही, ते उंचीचा नकाशाही सांगणार नाही. जे लोक उपग्रहातून भूजल दाखवतो असे सांगून जागेमागे पैसे घेतात, ते बहुतेक वेळा हाच उंचीचा नकाशा रंगवून देतात. नकाशा पाण्याची वरची वाट दाखवतो. खडकातील साठा त्यात नसतो.

मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, कुजलेला, मुरमाड असतो आणि पोटातला भाग काळा, घट्ट पाषाण असतो. काही थरांच्या मध्ये तांबड्या चिकणमातीसारखा पट्टा असतो. पाणी साठते ते मुरमात, सच्छिद्र थरात, पाषाणाच्या सांधे-भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. पन्नास फुटांवरच्या दोन बोअरांपैकी एकाला पाणी आणि दुसरा कोरडा, हे आपल्याकडे नित्याचे आहे, कारण भेग एकाला लागली आणि दुसऱ्याला लागली नाही. तीस मीटरच्या चौकोनाला त्या भेगेचा पत्ता असण्याचे कारण नाही.

तरी तुमच्या भागात उंचीचा एक वेगळा आणि, माझ्या मते, फार कमी वापरला गेलेला उपयोग आहे. मुरमाड थरातून खाली येणारे पाणी घट्ट पाषाणावर किंवा तांबड्या पट्ट्यावर पोहोचले की त्याला खाली जाता येत नाही, म्हणून ते आडवे सरकते आणि डोंगराच्या अंगावर जिथे तो सांधा उघडा पडतो तिथे उमाळा होऊन बाहेर येते. थर जवळजवळ आडवे असल्यामुळे त्याच डोंगररांगेत असे उमाळे बहुधा जवळपास सारख्याच उंचीवर आढळतात. सौताड्याच्या धबधब्यापाशी किंवा कपिलधारला कड्याकडे नीट पाहिले, तर या पायऱ्या डोळ्यांना दिसतात. म्हणून असे करावे : गावात जे उमाळे माहीत आहेत, होळीनंतरही ज्या जागी गवत हिरवे असते, ज्या जुन्या विहिरींना उन्हाळ्यातही झिरप असते, त्या सर्वांच्या जागा मोबाइलवर नोंदवाव्यात. मोबाइलने दाखवलेली उंची घेऊ नये, ती फार चुकते. फक्त जागा घ्यावी आणि उंची डेटातून काढावी. त्या उंचीची समोच्च रेषा डोंगराच्या अंगाने पुढे न्यावी आणि ती रेषा जिथे लवणाला छेदते त्या जागा प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. लाव्हाचे थर काही ठिकाणी संपतात, पातळ होतात किंवा किंचित कललेले असतात, म्हणून रेषेच्या वरखाली पाच-दहा मीटरचा पट्टा धरावा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वर सांगितलेला ओलाव्याचा निर्देशांक असे उमाळे हमखास चुकवतो. उमाळा असतो चढ्या उतारावर आणि त्याच्या वरचे क्षेत्रही कमी असते, त्यामुळे गणिताला ती जागा कोरडीच वाटते. हा निर्देशांक मांडला गेला तो मातीच्या उथळ थरातून उताराच्या दिशेने पाझरणाऱ्या पाण्यासाठी. आडव्या खडकाच्या सांध्यावरून येणारे पाणी त्याच्या गृहीतकात बसत नाही. निर्देशांकाच्या नकाशात निळा रंग नाही म्हणून एखाद्या गावाने आपल्या जुन्या झऱ्याची काळजी सोडून दिली, तर ते नुकसानच होईल.

उताराच्या बळावर लांबून पाणी आणण्याची विद्या मराठवाड्याला नवी नाही. मलिक अंबरच्या काळातील नहर-ए-अंबरी आणि बीडजवळची खजाना विहीर ही दोन्ही कामे डोंगराकडचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराने नेणारी आहेत. त्या कारागिरांना उमाळ्याची पातळी आणि नळाचा उतार यांचे गणित पक्के ठाऊक असले पाहिजे, एरवी हे पाणी चाललेच नसते.

बोअरसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे जावे. १९७२पासून हे काम तिथे चालते. जमिनीत वीज सोडून ती किती अडते हे मोजणाऱ्या विद्युत प्रतिरोधाच्या चाचणीनेही खात्री मिळत नाही, मात्र मुरूम किती खोल आहे आणि पाषाण कुठे सुरू होतो याचा अंदाज येतो. खोलीच्या मागे धावण्याआधी हेही माहीत असावे की २००९चा राज्याचा भूजल अधिनियम ६० मीटर किंवा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीला खोल विहीर मानतो आणि शेतीसाठी ती घेण्यास मनाई करतो.

प्रश्न : वरच्या शेतकऱ्याने बांध घालून ओघळ बंद केली, त्यामुळे पाणी माझ्या शेतात पसरते. उंचीचा नकाशा तहसीलदारांपुढे पुरावा म्हणून चालेल काय?
(एक वाचक, कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ प्रमाणे, नैसर्गिकरीत्या वाहणाऱ्या पाण्याला अनधिकृत अडथळा केल्यामुळे लगतच्या जमिनीचे नुकसान होत असेल, तर तो दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, म्हणून नकाशाच्या नादात मुदत घालवू नका. निर्णयाचा आधार मुख्यतः स्थळपाहणी, पंचनामा, गाव नकाशा आणि साक्षी हाच राहतो. उंचीचा नकाशा जोडता येईल, पण तो दुय्यम समजावा. तीस मीटरच्या नकाशावरून ओघळ अमुक गटातून जात होती की शेजारच्या, हे सिद्ध होत नाही आणि समोरच्या वकिलाने तेवढेच दाखवले तरी नकाशा निकामी होतो. पाणी कोणत्या दिशेने येते आणि वरून किती क्षेत्राचे येते, हे मात्र त्यावरून चांगले समजावता येते. भर पावसातले, तारीख दिसणारे चित्रीकरण जवळ ठेवा.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या हद्दीजवळ प्लॉट घेत आहोत. तिथून पूर्वी नाला जात होता असे ऐकले. कसे तपासावे?
(एक वाचक)

उत्तर : सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा, गाव नकाशा आणि गूगल अर्थवरील जुन्या वर्षांची चित्रे, याच क्रमाने पाहावे. मोफत उंचीचा डेटा शहरात फारसा कामाचा नाही, कारण तो इमारतींचे माथे मोजतो. वस्ती होण्यापूर्वीचा एसआरटीएम हा त्याला थोडासा अपवाद आहे : फेब्रुवारी २०००मध्ये जिथे शेत होते, तिथली लवण त्यात शिल्लक आहे. प्लॉट लवणाच्या तळाशी येत असेल, तर विकणारा काहीही सांगो, मोठ्या पावसात एकदा जाऊन उभे राहिल्याशिवाय विसार देऊ नये.

प्रश्न : ग्रामपंचायतीतर्फे ड्रोनने शिवाराची उंची मोजून घ्यावी असा विचार आहे. खर्च सार्थकी लागेल काय?
(ग्रामपंचायत सदस्य, सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : ओढ्यांची कामे, चर आणि बांधबंदिस्ती यांचे नियोजन खरोखर करायचे असेल, तर लागेल. ड्रोनच्या छायाचित्रांवरून मीटरपेक्षा लहान चौकोनांत उंची मिळते, बांध, ओघळी आणि मोऱ्यांची तोंडे ओळखू येतात आणि वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी कमी होतात. पण नुसते छायाचित्रण करणारा ड्रोन पिकाच्या खाली पाहू शकत नाही. म्हणून काम चैत्र-वैशाखात, हरभरा-ज्वारी निघून रान मोकळे झाल्यावरच घ्यावे. बाभूळबन किंवा ऊस असलेले भाग तरीही चुकीचे येतील. ते हवे असल्यास लेसर बसवलेला ड्रोन लागतो आणि तो बराच महाग पडतो.

करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. जमिनीवर खुणेचे बिंदू पक्के करून ते अचूक उपकरणाने मोजलेले असावेत, त्याशिवाय सगळा नकाशा एका बाजूला किंचित कलू शकतो आणि सपाट शिवारात पाण्याची दिशाच उलटी येऊ शकते. मोजणी गावाच्या हद्दीवर न थांबता पाणलोटाच्या माथ्यापर्यंत जावी, कारण वरच्या गावातून येणारे पाणी हद्द ओळखत नाही. आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या हाती नुसते रंगीत छायाचित्र न देता उंचीची मूळ फाइल द्यावी. ठेकेदार बहुधा भिंतीवर लावण्याजोगा मोठा छापील नकाशा देऊन मोकळे होतात आणि वर सांगितलेली गणिते त्यावर करता येत नाहीत.